रोजची भक्ती चार दिवसांत का सुटते? वावरात राबणाऱ्यांसाठी काही दुरुस्त्या

तक्रार नेहमीचीच आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत ठरतं की यंदा रोज वचन वाचायचं, रोज गुडघ्यावर यायचं. पहिला आठवडा छान जातो. मग तुरी सोंगायला येतात, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, पऱ्हाटीची शेवटची वेचणी राहिलेली असते, आणि जानेवारी सरेपर्यंत बायबल पुन्हा कपाटावर. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस, लागला की पुन्हा सुरुवात, पुन्हा खंड. उन्हाळ्यात संजीवन सभा झाली की तिसऱ्यांदा जोर येतो, तो मृगाच्या पावसाबरोबर वाहून जातो. "ताई, काय करू, टाइमच भेटत नाही," हे आमच्या वाशीमकडच्या महिला सभेत दर महिन्याला कोणीतरी म्हणतंच, आणि म्हणताना मान खाली असते.

मान खाली घालण्याचं कारण बहुतेक वेळा नसतं. वर्षातून तीनदा जे सुरू होतं आणि तीनदा जे बंद पडतं, तिथे माणसाची श्रद्धा कमी पडली असं म्हणण्याआधी मांडणी तपासावी. मोटर वारंवार बंद पडत असेल तर आपण मोटरीला आळशी म्हणत नाही. फ्यूज बघतो, वायर बघतो, विहिरीत पाणी आहे का ते बघतो.

आधी एक काम करा. घरात किराणा दुकानाचं कॅलेंडर लटकलेलं असतंच, त्यावर दुधाचा आणि मजुरांच्या हजेरीचा हिशोबही असतो. ज्या दिवशी वाचन-प्रार्थना हुकली त्या चौकोनात कारणाचा एकच शब्द लिहा: लाइट, पाहुणे, वेचणी, झोप, मोबाइल, भांडण, बाजार. हुकलं नाही त्या दिवशी काही लिहू नका. पंधरा दिवसांनी बघा. सहसा सगळ्या चौकोनांत दोनच शब्द फिरून फिरून येतात. तुमचे शब्द सापडले की खालचं तेवढंच वाचा, सगळं वाचायची गरज नाही.

पहाटे करायचं ठरवतो, आणि पहाटच सापडत नाही

सगळ्यात जास्त घरं इथेच अडकतात, म्हणून इथे जरा थांबते.

प्रभू येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात गेला आणि प्रार्थना केली, हे मार्क १:३५ आपण इतक्या वेळा ऐकलंय की पहाट म्हणजेच भक्ती असा नियम होऊन बसलाय. पण तोच अध्याय तीन ओळी वर वाचा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारापाशी लोटलं होतं. म्हणजे ती पहाट धावपळीच्या दिवसामागून आलेली होती. पुढे सहाव्या अध्यायात लोकांना निरोप दिल्यावर, सांजवेळी तो डोंगरावर प्रार्थनेला जातो. लूक ६:१२ मध्ये सगळी रात्र प्रार्थनेत जाते. वेळ एकच नव्हती. कामाने जी जागा सोडली तिथे तो गेला.

आपल्याकडे सकाळच्या ठरलेल्या प्रार्थनेची सवय बरीचशी मिशन कंपाउंडातून आली, असं मला वाटतं. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, त्यानंतर विदर्भात मिशनच्या शाळा, बोर्डिंगं, दवाखाने उभे राहिले. यवतमाळला तर १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. अशा ठिकाणी घंटा वाजते, सगळे जमतात, गीत, वचन, प्रार्थना, मग कामाला. छान पद्धत आहे, आणि ज्यांना त्या घंटेची सवय लागली त्यांना ती जन्मभर पुरली. पण वावरात घंटा कोण वाजवणार?

बाईच्या सकाळीचा हिशोब मांडून बघा. नळ एक दिवसाआड येतो, तो पाचला आला तर पाचला उठायचं, तीनला आला तर तीनला. गोठ्यातलं शेण, दोन म्हशींचं दूध, डेअरीवाला येण्याआधी कॅन दारात. पोरांचे डबे, नवऱ्याची शिदोरी, स्वतःची शिदोरी. वेचणी किलोमागे असते, उशिरा पोचलं तर मजुरी बुडते. यात 'पहाटे अर्धा तास' बसवायला गेलं की तो झोपेतून काढावा लागतो, आणि झोपेतून काढलेली वेळ चौथ्या-पाचव्या दिवशी झोप परत घेते. स्तोत्र १२७ च्या दुसऱ्या वचनात पहाटे उठणं, रात्री उशिरापर्यंत जागणं आणि कष्टाची भाकर खाणं हे सगळं व्यर्थ म्हटलंय, कारण परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो. हे वचन उपदेशात क्वचितच येतं. यायला हवं.

दुरुस्ती अशी: भक्ती घड्याळाला बांधू नका, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. दूध काढणं चुकत नाही. चुलीवर चहाचं आधण ठेवणं चुकत नाही. रात्री भांडी घासणं चुकत नाही. यातलं एक निवडा आणि त्याच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर वचन ठेवा. काम पाचला झालं तर पाचला, सातला झालं तर सातला. दोन-तीन कामांना एकदम बांधू नका, एकही टिकत नाही.

आणि दिवसात कुठे रिकामी जागा आहे ती डोळे उघडून शोधा. एक सांगते. डिसेंबरात सकाळी वेचायला गेलं की बोंडांवर दहिवर असतं. ओला कापूस वेचला तर पिवळा पडतो, मालक वेचू देत नाही. मग बाया धुऱ्यावर बसतात, कंबरेला ओटी बांधतात, डोक्याला फडकं गुंडाळतात, कोणी खर्रा काढतं, कोणी सुनेचं गाऱ्हाणं. ऊन वर येऊन दहिवर उडेपर्यंतचा तो वेळ कोणाच्याच हिशोबात नसतो. एक छोटं स्तोत्र पाठ असेल तर ते इथे म्हणून होतं, ओठ न हलवताही. ११७ वं स्तोत्र दोनच वचनांचं आहे, १३१ वं तीन, १२३ वं चार. गाऱ्हाण्याला हुंकार द्यायलाही वेळ उरतो.

वेचायला वाकलं की मग पातीचा, म्हणजे वेचायच्या ओळीचा, उपयोग करा. एका पातीला एक नाव. ही पात शिकायला पुण्याला गेलेल्या पोरासाठी, पुढची आजारी जावेसाठी, त्याच्या पुढची ज्याच्या वावरात उभे आहोत त्या मालकासाठी. पातीच्या शेवटी पोचलं की ती प्रार्थना झाली. लक्ष भरकटतं, भरकटू द्या. नवी पात लागली की नाव बदलतं, आणि मन आपोआप परत येतं. ज्यांना बसून प्रार्थना करताना पाचव्या मिनिटाला पेंग येते, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

रूथच्या दुसऱ्या अध्यायात बवाज शेतावर येतो तेव्हा कापणी करणाऱ्यांना म्हणतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो, आणि मजूर उलट त्याला आशीर्वाद देतात. कापणी थांबत नाही. एका श्वासाची भक्ती, तीही मालक-मजुरांत. सोयाबीनच्या सवंगणीत रूथचं पुस्तक वाचायला घ्या, चारच अध्याय आहेत आणि गोष्टीचा मोठा भाग सुगीतच घडतो.

रात्रीची लाइट

कॅलेंडरवर हा शब्द नवऱ्यांच्या चौकोनात जास्त दिसेल. कृषीपंपाची थ्री-फेज लाइट पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सोलरवर गेलेल्या भागात आता दिवसा मिळते, पण सगळीकडे नाही. रब्बीत हरभरा-गव्हाच्या ओलिताला रात्री बाराला बॅटरी आणि काठी घेऊन जायचं, पहाटे परत यायचं, आणि आल्या आल्या घरात कोणीतरी म्हणायचं, "अहो, प्रार्थना नाही झाली आज." हे बोलणं घरातल्यांनी आधी थांबवावं. रात्री जागलेल्या माणसाला सकाळची भक्ती लागू नाही. त्याची वेळ रात्रीच होऊन गेली, किंवा व्हायला हवी होती.

रात्री वावरात वाचता येत नाही. बॅटरीचा उजेड पाइपासाठी आणि पायाखालच्या सापासाठी. म्हणून पाठांतर. आणि पाठ करायला बायबलमध्ये अगदी रात्रपाळीचीच स्तोत्रं आहेत. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं बहुतेक लहान, यरुशलेमेला चढून जाताना म्हणायची. त्यात १२१ वं आठ वचनांचं: इस्राएलाचा रक्षणकर्ता डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही. माळ्यावर जागलीला बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण डुलकी घेतली की डुकरं कुठून घुसतात ते त्याला माहीत आहे. १३० वं पण आठ वचनांचं, त्यात पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट पाहतो असं आहे. आणि शेवटचं, १३४ वं, फक्त तीन वचनांचं, रात्री परमेश्वराच्या मंदिरात उभ्या राहणाऱ्या सेवकांना उद्देशून. तिथून सुरुवात करा. आठवड्याला एक वचन पाठ केलं तर १३४ तीन आठवड्यांत आणि १२१ आणखी आठ आठवड्यांत होतं. नोव्हेंबरात धरलं तर रब्बीचं ओलित संपेपर्यंत दोन्ही पाठ.

तुषारचे पाइप एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवायचे असतात. हलवून झाले की पुढच्या पाळीपर्यंत मोटरीच्या खोलीपाशी बसायचंच असतं. तेव्हा म्हणा. कानात इअरफोन घालून ऑडिओ वचन ऐकायचा मोह होतो, तो रात्री वावरात नको. मोटर कोरडी चालली तर आवाज बदलतो, डुक्कर जवळ आलं तर तुरीत सळसळ होते, आणि हे दोन्ही ऐकू आलं पाहिजे. ऑडिओ दिवसा, घरी, किंवा चारा कापताना.

वाचनाची योजना मागे पडते आणि मग सगळंच सुटतं

बायबलचे एकूण १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरू केलं की उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपवून जानेवारीच्या शेवटाला लेवीय लागतं. म्हणजे ऐन तुरीच्या मळणीत होमार्पण आणि अन्नार्पण. ज्याने कधी हे केलंय त्याला पुढचं माहीत आहे. एक आठवडा वाचन हुकलं की बावीस-तेवीस अध्यायांचं कर्ज चढतं, आणि कर्जाचं काय होतं हे विदर्भात कोणाला सांगायला नको.

कर्ज माफ करा. हुकलेलं भरून काढायचं नाही, आज जे पान आहे तिथून पुढे. छापील योजनेवर तारखा असतील तर त्या पेनाने खोडून टाका आणि फक्त क्रम ठेवा.

योजना लहान हवी असेल तर नव्या कराराचे २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतात, आणि दोन दिवस मोकळे राहतात. त्यातला एक बाजाराचा, एक रविवारचा. तेही जड वाटत असेल तर मार्काचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय. किंवा ११९ वं स्तोत्र: १७६ वचनं ऐकून माणूस घाबरतो, पण ते आठ-आठ वचनांच्या २२ तुकड्यांत बांधलेलं आहे, हिब्रू वर्णमालेच्या अक्षरागणिक एक. रोज एक तुकडा, भांडी घासायच्या आधी. तीन आठवडे आणि एक दिवस.

एक गोष्ट मात्र जपा. पेरणी किंवा वेचणीच्या दिवसांत लांब योजना सुरूच करू नका. उन्हाळ्यात, वखरणी झाल्यावर आणि लग्नांच्या मधल्या दिवसांत सुरू केलेली योजना टिकते, कारण सवय लागायला चार निवांत दिवस हाताशी असतात.

घरात जागाच नाही, किंवा सगळे जमत नाहीत

खोलीत जा, दार लावून घे, असं मत्तय ६:६ मध्ये आहे. दोन खोल्यांत सात माणसं, मधल्या खोलीत टीव्ही आणि मागे गोठा, तर दार कुठलं लावायचं? डोक्यावर पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं की दार लागलं, असं आमच्याकडच्या जुन्या बाया करत. मला ते पुरेसं वाटतं. सांगायचं एवढंच होतं की लोकांना दाखवायला करू नको.

कुटुंबप्रार्थना मोडते ती वेगळ्या कारणाने, आणि ते कारण बोलायला अवघड असतं: घरातल्या मोठ्या माणसाची प्रार्थना फार लांब असते. आजोबा सुरू करतात ते जगातल्या सगळ्या देशांपासून, मग सरकार, मग मंडळी, मग नातेवाईक नावानिशी. भाकर गार होते, पोरं एकमेकांना चिमटे काढतात, सून उघड्या डोळ्यांनी चुलीकडे बघते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला त्या वेळेला काहीतरी काम निघतं. मत्तय ६:७ मध्ये पुष्कळ बोलण्याबद्दल जे म्हटलंय ते आजोबांना कोणी ऐकवू नये, पण पद्धत बदलता येते. गीताचं एक कडवं. पाच-सहा वचनं, ती पोराने वाचायची, अडखळलं तर अडखळू द्यायचं. एकाने प्रार्थना, आणि रोज वेगळ्याने. आजोबांची पाळी शनिवारी, तेव्हा लांब चाललं तरी कोणाला शाळा नसते. सगळं मिळून दहा मिनिटं, जेवणाच्या आधी. जेवणानंतर ठेवलं तर अर्धे लोक आडवे होतात. नवरा चौकातून यायचा असेल तर त्याची वाट बघत बसू नका. जे घरात आहेत त्यांच्यावर सुरू करा. दोन-चार दिवसांत तो स्वतःच लवकर येतो, नाहीतर नाही येत. थांबलात की सगळ्यांचंच राहतं.

ज्या घरात एकटी सूनच ख्रिस्ती आहे आणि बाकी घर हिंदू किंवा बौद्ध आहे, तिची अडचण वरच्या कुठल्याच उपायात पूर्ण बसत नाही. तिला माझा सल्ला वेगळा आहे. काम सोडून प्रार्थनेला बसायचं नाही. सासूबाई भांडी घासतायत आणि सून कोपऱ्यात बायबल घेऊन, हे चित्र त्या घरात कधीही चांगलं दिसणार नाही, आणि दोष बायबलावर जाईल. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अशा बायकांसाठी शब्दाविना, वागण्याने असं म्हटलंय. तिची भक्ती पाणी भरताना, नदीवर धुणं धुताना, पाठ केलेल्या वचनावर चालावी. रविवारी जमेल तेव्हा मंडळीत. मंडळीतल्या बहिणींनीही तिला फोन करून "आज वाचलं का?" असं विचारू नये, फोन स्पीकरवर असतो.

मोबाइल

वचन वाचायला उघडला आणि अर्ध्या तासाने कापसाचे भाव, कोणाच्या तरी लग्नाचे फोटो आणि एक भांडणाचा व्हिडिओ बघून झाला, हे रोजचंच. छापील बायबल वापरा, हा सरळ उपाय. म्हाताऱ्यांसाठी मोठ्या टायपातलं घ्या, खर्च वाया जात नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऑडिओ खरोखर उपयोगी आहे. मराठी नवा करार ऑडिओत मिळतो. रविवारी तालुक्याला नेटवर्क असतं तेव्हा पोराकडून मेमरी कार्डवर भरून घ्या, मग रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर गोठ्यात लावता येतो. एक अध्याय झाला की बंद करा. दिवसभर लावून ठेवलेलं वचन कोणी ऐकत नाही, म्हशीसुद्धा नाही.

सकाळी सकाळी पाच ग्रुपांवर वचनाचा फोटो पुढे पाठवणं ही भक्ती नव्हे. पाठवा, पण मोजू नका.

नोकरीवाल्यांचं थोडक्यात

आशाताई, अंगणवाडीसेविका, एसटीचे कंडक्टर यांचं काम दर मिनिटाला दुसऱ्याच्या हातात असतं. नहेम्याच्या दुसऱ्या अध्यायात राजा त्याला विचारतो, तुझी विनंती काय? त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मधे नहेम्या प्रार्थना करतो, आणि लगेच राजाशी बोलतो. एवढीच जागा मिळाली तर एवढीच वापरायची. गाडी डेपोतून निघायच्या आधी, रजिस्टर उघडायच्या आधी. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, ही दुसरी पद्धत. ती स्वतःची खोली असणाऱ्यांना जमते, सगळ्यांना नाही.

पूर्वेकडे हंगाम वेगळा

गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात मार्च-एप्रिलला मोहफुलं पडतात ती पहाटेच, आणि वेचावी लागतात तीही पहाटेच, ढोरांनी खाण्याआधी. लेंट नेमका याच दिवसांत येतो. तेव्हा तिथल्या मंडळीने लेंटची पहाटप्रार्थना ठेवली तर चर्च रिकामं राहील आणि पाळकसाहेब मंडळी थंड झाली म्हणतील. संध्याकाळी ठेवा. भाताच्या रोवणीत, जुलै-ऑगस्टला, तर संध्याकाळीही कंबर सरळ होत नाही. तेव्हा सभा कमी करा आणि बांधीत उभ्या उभ्या गाता येतील अशी गीतं द्या. रोवणा गाण्यावरच चालतो.

कॅथलिक घरांत ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, आणि आपल्याकडे तोच सोयाबीनचा. पाच दशकांची (एका दशकात दहा नमो मारिया) पूर्ण माळ रात्री जेवून म्हणायला बसलं की तिसऱ्या दशकाला माळ हातातून गळते. मग एक दशक सकाळी वावराच्या वाटेवर, एक दुपारच्या शिदोरीनंतर, एक परतताना, दोन घरी. दहा नमो मारियाला गावापासून ओढ्यापर्यंतची वाट पुरते.

झोप, आणि झोपेसारखं दुसरं काही

मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दिवसभर बाहेर राबून आलेल्या माणसाला रात्री वाचताना झोप लागणारच. त्याला झोपू द्या. १ राजे १९ मध्ये एलीया झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, भाकर-पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. डोंगरावरचं बोलणं त्यानंतर.

पण कॅलेंडरच्या चौकोनात रोज 'झोप' लिहिलंय आणि माणूस खरं तर झोपतही नाही, जेवत नाही, बोलत नाही, असं असेल तर प्रश्न वेळेचा नाही. पीक गेलंय, बँकेची नोटीस आलीय, घरात मयत झालीय. अशा माणसाला वाचनाची योजना देऊ नका. त्याच्याजवळ जाऊन बसा, पाळकांना सांगा, डॉक्टरकडे घेऊन जा, आणि जाताना सोबत जा. स्तोत्रच वाचायचं झालं तर १३ वं, सहा वचनांचं, किती काळ, हे परमेश्वरा, असं सुरू होणारं. तेही तुम्ही वाचा, त्याला वाचायला लावू नका.

मग कमीत कमी किती?

हा प्रश्न दबक्या आवाजात येतो, पण येतोच. पहिल्या मंडळींत पुष्कळ जण दास होते, त्यांचा वेळ त्यांचा नव्हता. दिदाखे नावाचा मंडळीचा फार जुना सूचनासंग्रह आहे, त्यात प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी इतकंच सांगितलंय. एकदा म्हणायला सावकाश अर्धा मिनिट लागतो. मृगाच्या पेरणीच्या आठवड्यांत एवढंच ठेवा: उठल्यावर, शिदोरी सोडताना, आडवं होताना. त्यावर काही चढवू नका, आणि जेवढं ठरवलंय तेवढं सोडूही नका. पीक वितीएवढं झालं आणि डवरणी सुरू झाली की एक स्तोत्र जोडा. सोयाबीन घरात आल्यावर नव्या कराराचा रोजचा अध्याय. कॅलेंडरवर पुढच्या महिन्यांच्या पानांवर हे आत्ताच लिहून ठेवा, कारण त्या वेळी सुचणार नाही.